शाळा आणि अभ्यासिका जोडली. एका बाजूने पॅकेट जातं, दुसऱ्या बाजूने काहून नाही?

दारव्हा_अभ्यासिका विचारतात:

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावातली मांडणी सांगतो, मग प्रश्न.

शाळेत फायबरचा ओएनटी (कंपनीने लावलेला फायबरचा डबा) आहे, तोच राउटर, पत्ता १९२.१६८.१.१. लॅबमधला एक विंडोज पीसी सर्व्हर म्हणून ठेवला आहे, १९२.१६८.१.१०. त्यावर व्हिडिओ आणि जुन्या प्रश्नपत्रिका साध्या वेबपेजवर आहेत, पोर्ट ८०. ग्रामपंचायतीची अभ्यासिका तिथून साधारण १८० मीटरवर. मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस ब्रिजची जोडी. अभ्यासिकेत घरगुती राउटर असून ब्रिजची केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पोर्टात लावली आहे. वॅनला १९२.१६८.१.२ स्थिर पत्ता, लॅनला (आतल्या बाजूला) १९२.१६८.२.१. दोन्हीकडे मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०.

अभ्यासिकेतून सर्व्हरचं पेज उघडतं, इंटरनेटही चालतं. पण शाळेतून अभ्यासिकेतल्या पीसीला, १९२.१६८.२.२० ला, पिंग (पोहोच तपासणारं छोटं पॅकेट) लागत नाही. ओएनटीत स्टॅटिक रूट टाकला: १९२.१६८.२.० चं नेटवर्क, गेटवे १९२.१६८.१.२. तरीही नाही.

दुरुस्तीसोबत हे समजूनही घ्यायचं आहे:

१. आयपी (नेटवर्कातला पत्ता) आणि मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) असे दोन पत्ते असताना पीसी नेमकं काय बघून ठरवतो की पॅकेट कोणाच्या हाती द्यायचं?

२. शेजारच्या गावातल्या मित्राकडे दुसऱ्या कंपनीची लाइन आहे. 'माझा आयपी' दाखवणाऱ्या पेजवर त्याला जो पत्ता दिसतो, त्याला ट्रेस (वाटेतले राउटर एकेक करून दाखवणारी कमांड) लावला तर आधी १००.७० आणि १०.२० ने सुरू होणारे पत्ते येतात, मध्ये चांदण्या (*), मग पॅकेट मुंबईला जाऊन येतं. गाव ६ किलोमीटरवर असताना हा वळसा कशाला?

पोस्टमन आणि पाकिटाचं उदाहरण सगळीकडे वाचून झालं. टेबलात काय घडतं तेच सांगा.

वऱ्हाडी_राउटर:

पहिल्या प्रश्नापासून घेतो, कारण दुरुस्ती त्यातच आहे.

१९२.१६८.२.२० वरचा पीसी १९२.१६८.१.१० ला पॅकेट पाठवतो तेव्हा तो आधी एकच हिशेब करतो. समोरच्या पत्त्याला स्वतःचा मास्क लावतो. उत्तर येतं १९२.१६८.१.०. स्वतःचं नेटवर्क १९२.१६८.२.०. जुळलं नाही, म्हणजे समोरचा आपल्या वायरवर नाही. मग पीसी रूट टेबल बघतो, तिथे डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.२.१ सापडतो, आणि एआरपीने (आयपीवरून मॅक शोधायच्या पद्धतीने) विचारतो: या गेटवेचा मॅक काय?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. पीसी सर्व्हरचा मॅक विचारतच नाही, त्याला तो कधीच कळत नाही. फ्रेमवर (पॅकेटच्या बाहेरच्या वेष्टनावर) मॅक गेटवेचा, आतल्या पॅकेटवर आयपी सर्व्हरचा. राउटर फ्रेम सोलून टाकतो, टीटीएल (पॅकेटला अजून किती टप्पे चालतील तो आकडा) एकने कमी करतो, आपल्या टेबलात बघतो आणि पुढच्या टप्प्याचा मॅक लावून नवी फ्रेम बांधतो. प्रत्येक टप्प्यावर मॅक बदलतो, आयपी शेवटपर्यंत तोच राहतो. मध्ये नॅट (राउटरने पॅकेटवरचा पत्ता बदलणं) असेल तरच आयपी बदलतो, आणि तुमच्याकडे तो आहे. त्याचं पुढे कोणीतरी सांगेलच.

डोळ्यांनी बघायचं असेल तर अभ्यासिकेतल्या पीसीवर 'एआरपी -ए' चालवा. यादीत १९२.१६८.२.१ दिसेल, १९२.१६८.१.१० दिसणार नाही. मग 'रूट प्रिंट'. त्यात ०.०.०.० ची ओळ म्हणजे डिफॉल्ट रूट. लॅपटॉपला वायफाय आणि केबल दोन्ही लावली असेल तर अशा दोन ओळी दिसतात आणि ज्याचा मेट्रिक (वाटेचा खर्च सांगणारा आकडा) कमी तो वापरला जातो. ट्रेस करण्याआधी एक काढून ठेवा, नाहीतर भलत्याच वाटेचा अभ्यास होईल.

राउटरच्या टेबलात एकाच पत्त्याला दोन-तीन ओळी लागू पडत असतील तर ज्या ओळीचा मास्क सर्वात लांब ती जिंकते. समजा १०.२०.०.०/१६ (/१६ म्हणजे मास्कची लांबी १६ बिट) एका दिशेला आणि १०.२०.५.०/२४ दुसऱ्या दिशेला आहे, तर १०.२०.५.९ चं पॅकेट /२४ च्या वाटेनेच जाणार. /१६ ची लाइन कितीही वेगवान असू दे, तिला कोणी विचारत नाही.

हा नियम किती कडक आहे ते २४ फेब्रुवारी २००८ ला सगळ्या जगाने बघितलं. यूट्यूब आपला पट्टा २०८.६५.१५२.०/२२ असा जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्यातलाच २०८.६५.१५३.०/२४ स्वतःकडे वळवला, आणि ती जाहिरात वरच्या कंपनीमार्फत बाहेर गेली. /२४ हा /२२ पेक्षा लांब, त्यामुळे जगभरच्या राउटरांनी यूट्यूबची वाहतूक तिकडे पाठवायला सुरुवात केली. यूट्यूबने उलट /२४ आणि त्याहून लांब असे दोन /२५ जाहीर केले, तेव्हा वाहतूक परत यायला लागली. राउटर खरं-खोटं बघत नाही जी, लांबी बघतो.

टॉवरखालचा_भाऊ:

आता बिघाडाकडे येऊ. एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, याचं कारण अभ्यासिकेच्या राउटरातला नॅट.

अभ्यासिकेतून पॅकेट निघताना राउटर पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.२.२० काढून स्वतःचा वॅन पत्ता १९२.१६८.१.२ (थोडक्यात १.२) लावतो आणि कोणत्या पोर्टवरून काय गेलं ते टेबलात लिहून ठेवतो. सर्व्हरला वाटतं १.२ नेच मागितलं. १.२ त्याच्याच वायरवर आहे, म्हणून उत्तर थेट तिकडे. १९२.१६८.२.० नावाचं नेटवर्क आहे हे सर्व्हरला माहीत असायची गरजच पडत नाही. खात्री करायची तर अभ्यासिकेतून पेज उघडं ठेवून सर्व्हरवर 'नेटस्टॅट -एन' चालवा. समोरचा पत्ता १९२.१६८.१.२ दिसला तर नॅट चालू, १९२.१६८.२.२० दिसला तर बंद.

उलट्या बाजूने शाळेचं पॅकेट १.२ वर येतं ते वॅन पोर्टातून. घरगुती राउटर वॅनकडून न मागता आलेलं काहीही टाकून देतो, तसंच त्याला शिकवलेलं असतं. तुमचा स्टॅटिक रूट बरोबर आहे, पॅकेट दारापर्यंत पोहोचतं आणि दारातच मरतं.

दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग: त्या राउटरला राउटर राहू देऊ नका. त्याचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि ब्रिजची केबल वॅनमधून काढून लॅनच्या पोर्टात लावा. सगळं गाव एका नेटवर्कात. लॅन पत्ता बदलण्याआधी वॅनवरचा तोच पत्ता काढा, नाहीतर राउटर सेव्हच करू देणार नाही. ओएनटीच्या डीएचसीपीचा पट्टा १९२.१६८.१.५० ते १९२.१६८.१.२०० असा ठेवा, म्हणजे १.२ आणि १.१० दुसऱ्या कोणाला वाटले जाणार नाहीत.

शिकायचा मार्ग: नॅट बंद करून खरं राउटिंग. त्यासाठी राउटरात नॅट बंद करायचा पर्याय हवा आणि वॅनकडून लॅनकडे जाऊ द्यायचा नियमही हवा. स्वस्त राउटरांत पहिला कधीमधी असतो, दुसरा बहुधा नसतो. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चढवायचं मोफत सॉफ्टवेअर) चढत असेल तर दोन्ही मिळतं: वॅन झोनवरचं मास्करेडिंग (म्हणजे नॅट) काढा आणि वॅन ते लॅन फॉरवर्डला परवानगी द्या.

आणि एक सापळा. हे सगळं जमलं तरी विंडोजची फायरवॉल पिंग अडवेल. इनबाउंड नियमांत एको रिक्वेस्टचा (म्हणजे पिंगचा) आयसीएमपीव्ही४ चा नियम नुसता चालू करून भागत नाही. प्रायव्हेट प्रोफाइलमध्ये त्याच्या स्कोपमध्ये 'लोकल सबनेट' लिहिलेलं असतं, म्हणजे शेजारच्या पीसीचा पिंग लागतो आणि राउटरपलीकडचा लागत नाही. माणूस मग दिवसभर राउटर कुरतडत बसतो. २.२० वर त्या स्कोपमध्ये १९२.१६८.१.०/२४ जोडा.

दारव्हा_अभ्यासिका:

भाऊ, शिकायचा मार्ग घेतला. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चढलं, नॅट काढला, फॉरवर्ड उघडलं, फायरवॉलचा स्कोपही बदलला. आता सर्व्हरवरून २.२० ला पिंग लागतो. पण दोन नवी दुखणी आली. एक, अभ्यासिकेतून सर्व्हरचं पेज, जे आधी उघडत होतं, ते आता नुसतं फिरत राहतं. सर्व्हरवरून २.२० ला पिंग केला की थोडा वेळ उघडतं आणि मग पुन्हा बंद. दोन, अभ्यासिकेचं इंटरनेट पूर्ण गेलं. शाळेत सगळं ठीक आहे.

सिन_अॅक_ताई:

दादा, दोन्ही दुखण्यांचं मूळ ओएनटीतच आहे, पण कारणं वेगळी.

पेजचं आधी. आता नॅट नाही, म्हणून सर्व्हरला पाठवणारा १९२.१६८.२.२० दिसतो. जाण्याची वाट बघा: २.२० कडून १.२ कडे, तिथून थेट सर्व्हर. सिन (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) पोहोचला. सर्व्हर मास्क लावून बघतो, २.२० आपल्या वायरवर नाही, म्हणून सिन-अॅक (सिनचं उत्तर) डिफॉल्ट गेटवेला, म्हणजे ओएनटीला देतो. ओएनटीने सिन कधी बघितलाच नव्हता, कारण तो त्याच्याकडून गेलाच नाही. जोडणीची अवस्था लक्षात ठेवणारी फायरवॉल असं मधूनच उगवलेलं उत्तर अवैध ठरवून टाकून देते. २.२० तीन-चार वेळा सिन पाठवून थकतो, आणि तुम्हाला पेज फिरताना दिसतं.

पिंग मात्र सर्व्हरवरून निघतो तेव्हा पहिलं पॅकेट ओएनटीमधून जातं, ते नवीन आणि वैध. उत्तर १.२ कडून थेट सर्व्हरला येतं. म्हणून पिंगवर भरवसा ठेवून टीसीपी (वेबपेज ज्यावरून येतं ती जोडणी) चालेल असं समजू नका.

थोडा वेळ उघडतं त्याचंही कारण आहे. पिंगचं पॅकेट ज्या पोर्टातून आलं त्याच पोर्टातून परत पाठवावं लागतंय हे बघून ओएनटी सर्व्हरला आयसीएमपी रिडायरेक्ट पाठवतो: २.२० साठी मला कशाला, थेट १.२ ला दे. विंडोज ते ऐकतं आणि तात्पुरता रूट लिहितं. तो रूट आहे तोवर पेज उघडतं. त्या वेळात सर्व्हरवर 'रूट प्रिंट' केलंत तर १९२.१६८.२.२० ची, मास्क २५५.२५५.२५५.२५५ असलेली वेगळी ओळ दिसेल.

उपाय म्हणजे तोच रूट सर्व्हरवर हाताने लिहायचा. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा:

रूट अॅड १९२.१६८.२.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.२

शाळेतल्या ज्या ज्या पीसीला अभ्यासिकेशी बोलायचं आहे त्या प्रत्येकावर हे करावं लागेल. ते नको असेल तर दोन राउटरांमधल्या जोडणीला वेगळं छोटं नेटवर्क द्या, उदाहरणार्थ १०.०.०.०/३०. एका टोकाला १०.०.०.१, दुसऱ्याला १०.०.०.२, मध्ये एकही पीसी नाही. मग जाणं-येणं एकाच वाटेने होतं आणि फायरवॉलला दोन्ही बाजू दिसतात. पण त्यासाठी शाळेच्या बाजूलाही असा राउटर हवा ज्याच्या एका पोर्टाला वेगळा पत्ता देता येतो. कंपनीच्या ओएनटीत ते सहसा नसतं.

आता इंटरनेट. अभ्यासिकेचं पॅकेट ओएनटीपर्यंत १९२.१६८.२.२० या नावाने येतं. बरेच ओएनटी फक्त स्वतःच्या लॅनच्या पट्ट्याला, इथे १९२.१६८.१.० ला, नॅट करतात. २.० चं पॅकेट एकतर टाकलं जातं किंवा खासगी पत्त्यासकट बाहेर जातं आणि कंपनी ते टाकते. तुमच्या ओएनटीत नॅटचा पट्टा वाढवायची सोय नसेल तर ओपनडब्ल्यूआरटीवर असा नियम ठेवा: वॅनमधून जाणाऱ्या पॅकेटला मास्करेड करा, पण समोरचा पत्ता १९२.१६८.१.०/२४ मधला असेल तर करू नका. शाळेशी राउटिंग, बाहेरच्यांशी नॅट.

दुसरा पर्याय म्हणजे कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडला घेणं (म्हणजे तो राउटर राहत नाही) आणि शाळेत स्वतःच्या राउटरवर पीपीपीओई (कंपनीच्या लाइनवरचं लॉगिन) चालवणं. मला हा जास्त आवडतो, सगळं आपल्या हातात येतं. तेव्हा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. इथरनेटचे १५०० बाइट, त्यातले ८ पीपीपीओई खातं, राहिले १४९२. 'पिंग -एफ -एल १४६४ ८.८.८.८' गेला पाहिजे आणि १४६५ ला फ्रॅगमेंट करावं लागेल असा संदेश आला पाहिजे. १४६४ मध्ये आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे २८ मिळवले की १४९२ होतात. राउटरात एमएसएस क्लॅम्पिंग चालू ठेवा, म्हणजे टीसीपी १४५२ च्या वरचा तुकडा मागणार नाही. ते नसेल तर लक्षण फसवं असतं: पिंग लागतो, काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, आणि सगळे डीएनएसला (साइटच्या नावावरून आयपी शोधणाऱ्या सेवेला) शिव्या देतात.

माझं मत विचाराल तर वीस-पंचवीस यंत्रांच्या गावाला एकच सबनेट पुरे आहे. दोन ठेवायचे असतील तर कारण असू द्या. शिकणं हे कारण चालेल.

वऱ्हाडी_राउटर:

ताईंनी नेमकं सांगितलं. ट्रेसचा प्रश्न राहिला होता.

'ट्रेसर्ट -डी' वापरा; 'डी' मुळे नावं शोधण्यात वेळ जात नाही. तो टीटीएल १ ठेवून पॅकेट सोडतो, पहिला राउटर त्याचा शून्य करून पॅकेट टाकतो आणि 'वेळ संपली' असा आयसीएमपी परत पाठवतो. मग टीटीएल २, मग ३. असा एकेक राउटर उघडा पडतो.

चांदण्यांना घाबरू नका. त्या राउटरने उत्तर दिलं नाही, एवढाच अर्थ. पुढचे टप्पे उत्तर देत असतील तर वाट चालू आहे. तसंच मधल्या एखाद्याच टप्प्याला ९० मिलिसेकंद आणि त्यापुढे पुन्हा २०, तर तो राउटर उत्तर लिहायला आळशी आहे, पॅकेट पुढे ढकलायला नाही. वेळ एका टप्प्यावर वाढली आणि शेवटपर्यंत वाढलेलीच राहिली, तरच तिथे शोधा.

१००.७० हा पट्टा १००.६४.०.०/१० मधला, म्हणजे १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५. कंपन्यांनी अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवावं म्हणून तो २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. १०.२० वाले कंपनीच्या आतले राउटर. यावरून एक गोष्ट कळते: तुमचा ओएनटी कंपनीच्या दुसऱ्या नॅटमागे आहे. शाळेच्या कॅमेऱ्यासाठी ओएनटीत पोर्ट फॉरवर्ड करून बाहेरून काही दिसणार नाही, कारण बाहेरचं पॅकेट ओएनटीपर्यंत येतच नाही. कंपनीकडून सार्वजनिक आयपी घ्या किंवा आयपीव्ही६ मिळतं का बघा. आणि मित्राचाही पत्ता असाच असेल तर तुमचा ट्रेस त्याच्या घरापर्यंत नाही, त्याच्या कंपनीच्या नॅटपर्यंतच गेला आहे.

मुंबईचा वळसा पैशाचा आणि करारांचा आहे. प्रत्येक कंपनी म्हणजे स्वतःचा एएस क्रमांक असलेलं वेगळं संस्थान, आणि दोन संस्थानं जिथे एकमेकांना जोडलेली असतात तिथेच पॅकेट ओलांडू शकतं. दारव्ह्यात दोघांच्या फायबर एकाच खांबावरून जात असतील, पण खांबावर जोड नसतो. जोड मोठ्या शहरांतल्या एक्स्चेंजवर आणि डेटा सेंटरमध्ये असतात; निक्सी ही सरकारी पुढाकारातून २००३ मध्ये उभी राहिलेली संस्था अशीच एक्स्चेंज चालवते, मुंबईत तिचा जोड आहे. बीजीपी (कंपन्यांचे राउटर एकमेकांना वाटा कळवतात ती पद्धत) किलोमीटर मोजत नाही. आधी कंपनीने कराराप्रमाणे ठरवलेला पसंतीक्रम, तो सारखा असेल तर किती एएस ओलांडावे लागतात ते.

वळसा महाग वाटतो तेवढा नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तेवढी फायबर धरली तर जाणं-येणं ७ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, मध्ये राउटर आहेत, तरी २०-२५ पर्यंत समजू शकतो. संध्याकाळी तोच आकडा ८० झाला तर दोष अंतराचा नाही, कुठेतरी रांग लागली आहे. सकाळी ६ आणि रात्री ९ ला ट्रेस घेऊन शेजारी ठेवा, कोणत्या टप्प्यापासून फरक पडतो ते दिसेल. तक्रार करताना तेच कागद द्या.

टॉवरखालचा_भाऊ:

ब्रिजबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. १८० मीटरला केबल टाकली नाही हे बरं केलं, तांब्याची मर्यादा १०० मीटर. पण छतावरच्या डिशपासून खाली येणारी केबल शील्डेड घ्या, दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्यांची अर्थिंग खरोखर जमिनीत गेली आहे का बघा. मृगाच्या विजांत डिश वाचते आणि तिच्या केबलला लागलेला राउटरचा पोर्ट जातो. ५ गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरावर पावसाचं काही नाही, पण मध्ये कडुनिंब असेल तर पालवी फुटल्यावर सिग्नल खाली येतो. पुढेमागे पैसे झाले तर दोन इमारतींमध्ये फायबर आणि मीडिया कन्व्हर्टरची जोडी टाका, विजेचा प्रश्नच मिटतो.

दारव्हा_अभ्यासिका:

सर्व्हरवर रूट टाकला, पेज लगेच उघडलं. मास्करेडचा अपवादही घातला, अभ्यासिकेचं इंटरनेट परत आलं. 'नेटस्टॅट -एन' मध्ये आता १९२.१६८.२.२० दिसतो. पण दुपारी लाइट गेली, सर्व्हर पुन्हा चालू झाला आणि पेज परत फिरायला लागलं. 'रूट प्रिंट' मध्ये ती ओळच नाही.

सिन_अॅक_ताई:

मी दिलेली ओळ रीस्टार्टपर्यंतच टिकते, मुद्दाम तशी दिली होती. चुकीचा रूट पडला असता तर पीसी बंद-चालू करून सुटका झाली असती. आता खात्री झाली आहे, तर 'रूट' नंतर '-पी' घालून तीच कमांड पुन्हा द्या: रूट -पी अॅड, पुढे सगळं तेच. 'रूट प्रिंट' च्या तळाशी पर्सिस्टंट रूट्सचा वेगळा भाग असतो, तिथे ओळ दिसली की झालं. सर्व्हरचा पत्ता १.१० त्याच्यातच स्थिर लिहिलेला आहे की ओएनटीच्या डीएचसीपीने दिलेला, तेही एकदा बघून घ्या.